वसतिगृहाबाहेर काढलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी एका थोर शिक्षणमहर्षीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. महात्मा जोतीराव, क्रांतिज्योती सावित्रीमाई आणि बोधिसत्त्व बाबासाहेब यांच्यावर आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहून आले आहे आणि पुढेही येत राहील. या वेळी आम्ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची निवड केली. ज्यांचा जन्म आपल्या समाजात झाला नाही, ज्यांनी आपला धम्मही स्वीकारला नाही, त्यांचे चरित्र बौद्ध विद्यालयाच्या स्मरणिकेत का, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक जुना कबुलीजबाब देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तीसेक वर्षांपूर्वी, या विद्यालयात रुजू होण्याच्या आधी, आम्ही दुसऱ्या एका शाळेत वर्गशिक्षक होतो. वर्गात एक कातकरी मुलगा होता. दिवाळीनंतर त्याचे आईवडील वीटभट्टीवर गेले आणि तोही त्यांच्याबरोबर गेला. हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या खुणांची रांग लागली. वरून विचारणा झाली तेव्हा आम्ही तांबड्या शाईने त्याचे नाव पटावरून कमी केले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. जून महिन्यात पहिला पाऊस पडला आणि तो मुलगा परत आला. आपले नाव हजेरीत पुकारले जात नाही हे त्याच्या ध्यानात आले. दोन दिवस तो कुंपणाशी उभा राहिला, तिसऱ्या दिवशी दिसला नाही. आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो नाही. एम. ए. ला आम्ही इतिहास शिकलो होतो. परंतु त्या तांबड्या रेघेचा अर्थ आम्हांस पुढे भाऊरावांचे चरित्र वाचताना कळला. कारण भाऊराव हे स्वतः वसतिगृहातून काढून टाकलेले विद्यार्थी होते.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन, शेतकरी. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत असल्याने बदल्या होत आणि मुलाची शाळाही गावोगाव बदलत राही. अभ्यासापेक्षा तालमीत आणि रानात त्यांचे मन अधिक रमे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या मुलाने तेथील रहाट मोडून टाकला, अशी बालपणाची हकिकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. शाळेच्या चाकोरीत सहज बसणारा असा हा विद्यार्थी नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर शिक्षकांच्या खोलीत ज्याचे नाव कपाळाला आठ्या घालून घेतले जाते, अशांपैकी तो एक होता.

१९०२ च्या सुमारास पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. ते कोल्हापूर राजर्षी शाहू छत्रपतींचे होते. बहुजनांची मुले शिकावीत तर त्यांना शहरात राहावयास जागा आणि जेवावयास अन्न हवे, हे मर्म शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या आश्रयाने एकेका जातीजमातीसाठी वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला तरुण भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. माणसांना भेटून आल्यावर अंघोळ कशासाठी, हे त्यांना पटेना. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगाची व्यवस्था पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे हे विद्वान आणि सुधारक वृत्तीचे गृहस्थ होते, तरी शिस्तीपुढे त्यांनी माघार घेतली नाही. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

हा प्रसंग आम्ही वर्गात अनेकदा सांगितला आहे. येथे विद्यार्थ्याच्या हातून चोरी घडली नव्हती, मारामारी घडली नव्हती. ज्या कृतीसाठी शाबासकी मिळावयास हवी होती, त्या कृतीसाठी त्याला दार दाखविण्यात आले. आणि दार दाखविणारा माणूस दुष्ट नव्हता. तो नियमाने चालला होता. शाळांतून मुले बाहेर पडतात ती बहुधा अशीच, सज्जन माणसांच्या हातून आणि नियमाला धरून.

सुदैवाने एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे होते. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला. महाराजांच्या सहवासात त्यांची दृष्टी विस्तारली. सत्यशोधक विचारांशी त्यांचा परिचय दृढ झाला. परीक्षेत मात्र यश आले नाही. गणितात ते मागे पडले. त्यांना वरच्या वर्गात घालावे, असा शब्द खुद्द महाराजांनी टाकला असताही गणिताच्या शिक्षकांनी तो मानला नाही, ही हकिकत प्रसिद्ध आहे. इंग्रजी सहावीच्या पुढे भाऊरावांचे शालेय शिक्षण गेले नाही. ज्यांच्या नावाने आज महाविद्यालये चालतात ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते, हे पालकांनी आणि विशेषतः शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुणपत्रकात मागे राहिलेल्या मुलाच्या ठायी काय दडले आहे, हे गुणपत्रक लिहिणाऱ्यास त्या दिवशी दिसत नसते.

शाळा सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास आले आणि खाजगी शिकवण्या करून पोट भरू लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. १९१० साली मित्रांच्या साहाय्याने दुधगाव येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. सर्व जातींची मुले एकत्र राहतील असा तो पहिला लहानसा प्रयोग होता. याच काळातील एक गोष्ट आमच्या समाजाने विसरू नये अशी आहे. इस्लामपूर येथील शाळेत वर्गाच्या बाहेर बसून शिकणारा एक महार विद्यार्थी त्यांच्या दृष्टीस पडला. भाऊराव त्याला आपल्याबरोबर घेऊन निघाले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगात त्याची व्यवस्था लावून दिली. ज्या बोर्डिंगाच्या समारंभाला गेल्यामुळे त्यांना स्वतःला बाहेर पडावे लागले होते, त्याच बोर्डिंगात त्यांनी उंबऱ्याबाहेरच्या मुलाला आत नेऊन बसविले. ज्ञानदेव घोलप नावाचा तो मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचा सदस्य झाला. एका मुलाचा हात वेळेवर धरला तर काय घडते, याचा हा पुरावा होय.

१९१४ साल भाऊरावांच्या कसोटीचे ठरले. कोल्हापुरात बादशाही पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर संशय घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांनी आपणांस बोर्डिंगातून काढले त्यांच्यावर सूड उगविण्याची संधी चालून आली होती. एक खोटे वाक्य पुरेसे होते. भाऊरावांनी ते उच्चारले नाही. त्यांना अटक झाली, त्यांचा छळ झाला, जीव नकोसा व्हावा इतकी यातना त्यांच्या वाट्याला आली. परंतु खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. तेच लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले.

वैराने वैर शमत नाही, हे तथागतांचे वचन आपल्या विद्यालयातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. भाऊरावांनी ते आचरणात आणले, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. अपमान झालेला विद्यार्थी बहुधा दोनच गोष्टी करतो : खचून जातो किंवा सूड घेतो. भाऊरावांनी तिसरी गोष्ट केली. आपल्यावर जे ओढवले ते दुसऱ्या मुलावर ओढवू नये, असे घर बांधण्याचा त्यांनी निश्चय केला.

त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी ओगले यांच्या काचकारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव प्रवास केला. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. माल विकत हिंडताना त्यांनी खेडी पाहिली. चांगला नांगर शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेता येतो, तर शाळा का नेता येऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात या वणवणीतच रुजला असावा. गावात शाळा नाही आणि शहरात शाळा आहे तर राहावयास जागा नाही. जागा आहे तर जात आडवी येते. जात आडवी आली नाही तर पैसा येतो. मुलगा शाळेतून सुटतो तो या चार पायऱ्यांपैकी कोणत्या तरी पायरीवर.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावातच सारे आले : राजाची नव्हे, जातीची नव्हे, रयतेची. बोधचिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून त्यांचेही वृक्ष होतात. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

सातारा हे गाव आपल्या काळजातले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्यात बाल भीमरावांचे नाव सरकारी शाळेच्या पटावर नोंदले गेले; तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नाव पटावर चढले, तरी अस्पृश्य म्हणून त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे आणि पाणीही स्वतःच्या हाताने घेता येत नसे. त्यानंतर सुमारे चोवीस वर्षांनी त्याच गावात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर अशी मुले एका पंगतीला बसून जेवू लागली. शाहू महाराजांनी एकेका जातीचे वसतिगृह उभारले, ती त्या काळाची गरज होती. भाऊरावांनी एक पाऊल पुढे टाकून सर्वांचे एकच घर केले.

या घराची रीत समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण भाऊरावांचे खरे मोठेपण त्या रीतीत आहे. ज्याच्या पालकांना शक्य असेल त्याने पैसे द्यावेत. पैसे नसतील त्याने धान्य द्यावे. धान्यही नसेल त्याने श्रम द्यावेत. मुले दळण दळीत, पाणी भरीत, स्वयंपाकाला हात लावीत, परिसर झाडीत, शेतात राबत. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. म्हणजे मुलगा गरीब आहे हे त्याला घरी पाठविण्याचे कारण उरले नाही. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यापाशी दोन हात आहेत. ते दोन हात हीच त्याची फी. यात दयेचा लवलेश नव्हता. दयेवर राहणारा मुलगा मान खाली घालून वावरतो आणि संधी मिळताच निघून जातो. आपल्या श्रमाचे अन्न खाणारा मुलगा त्या घराचा मालक असतो. त्याला बाहेर काढणे सोपे नसते आणि त्याला स्वतःला बाहेर पडावेसेही वाटत नाही.

हे घर चालले ते लक्ष्मीबाईंमुळे. भाऊरावांच्या या पत्नी सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घराण्यातून आल्या होत्या. प्रारंभी सर्व जातींच्या मुलांचा वावर त्यांना जड गेला. पण आईपासून दूर आलेली लहान लेकरे समोर पाहून त्यांचे सोवळे गळून पडले. त्यांनी त्या मुलांना न्हाऊ घातले, आजारपणात त्यांच्या उशाशी रात्री काढल्या. अंगावरचे दागिने मुलांच्या पोटासाठी एकेक करून गेले. एकदा कोठीत धान्य उरले नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. मुले त्यांना वहिनी म्हणत. आमच्या विद्यालयाच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून राबणाऱ्या मावशींना आम्ही हे चरित्र मुद्दाम सांगत असतो. मुलगा वसतिगृहात टिकतो तो अनेकदा मुख्याध्यापकाच्या भाषणाने नव्हे, तर ताटात आग्रहाने वाढलेल्या दुसऱ्या भाकरीने.

१९२७ या वर्षाकडे आम्ही पुन्हा वळतो. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. त्यानंतर काही दिवसांतच महाडचे चवदार तळे गाजले. आम्ही चवदार तळ्याचे स्मरण दरवर्षी करतो आणि ते करावयासच हवे. परंतु त्या ब्याऐंशी मुलांचे स्मरण आपण तितक्या निष्ठेने करतो काय? बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले होते, ते याच जाणिवेतून. सातारा आणि सोलापूर येथील त्या दोन वसतिगृहांचे चालक वेगळे, पण दुखणे एकच ओळखलेले : मूल शाळेत घालणे हे अर्धे काम, त्याला शाळेत टिकविणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक अवघड.

१९३२ साली भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले. पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर ते उभे राहिले. त्या कराराविषयी आमच्या मनात आजही सल आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. गांधीजींविषयी भाऊरावांना जी भक्ती होती, तिच्यातही आम्ही सहभागी नाही. तथापि करारानंतर अनेकांनी भाषणे केली आणि भाऊरावांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र घर उघडले, हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविला पाहिजे.

पुढे कामाचा विस्तार झाला. खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. १९३७ साली प्रांतिक सरकारे आल्यानंतर, जेथे सरकारी शाळा पोचत नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर संस्थेने स्वयंसेवी शाळा काढण्यास प्रारंभ केला. दहाबारा वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. डोंगरकपारीतल्या एकेका वाडीवर एकेक तरुण शिक्षक जाऊन राहिला. त्यांतले कितीतरी स्वतः संस्थेच्याच वसतिगृहांतून वाढलेले होते. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. कमवा आणि शिका ही योजना तेथे माध्यमिक शिक्षणाशी जोडली गेली. विद्यार्थी शेतात काम करीत आणि त्या श्रमावर त्यांचे शिक्षण चाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज ही त्याच वटवृक्षाची पारंबी होय.

हा मार्ग सुखाचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. शेकडो शाळा आणि हजारो मुले यांचा भार अंगावर असताना हे घडले. भाऊराव पुन्हा लोकांच्या दारात गेले. गाडगेबाबांसारखे संत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शाळा बंद पडल्या नाहीत. अंगात खादी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अनवाणी पाय आणि हातात काठी, अशी ही मूर्ती महाराष्ट्राने अखेरपर्यंत हिंडताना पाहिली. १९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जनतेने त्यांना दिलेली कर्मवीर ही पदवी मात्र त्यांच्या नावापासून कधीच सुटली नाही.

भाऊराव मऊ स्वभावाचे होते, असा वाचकांचा समज होऊ नये. ते कडक होते, तापट होते, आळशी मुलाची गय करीत नसत. त्यांच्या वसतिगृहात शिस्त होती आणि ती काटेकोर होती. फरक एवढाच, की तेथे शिस्तीचे टोक दाराकडे वळलेले नव्हते. चुकलेल्या मुलाला काम वाढवून मिळे, बोलणी खावी लागत. पण आपल्यासाठी या घरात जागा आहे की नाही, ही शंका त्याच्या मनात येऊ नये, याची काळजी घेतली जाई.

आपल्या धम्मपरंपरेत याच अर्थाची एक कथा आहे. चूळपंथक नावाचा एक भिक्खू होता. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा वडील भाऊ महापंथक हा स्वतः ज्ञानी भिक्खू. त्याने धाकट्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी दाराशी रडत उभ्या असलेल्या चूळपंथकाला पाहिले, हाताला धरून आत आणले आणि पाठांतराऐवजी एक स्वच्छ वस्त्र त्याच्या हाती देऊन ते चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, त्या मळण्यात त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकविण्याची रीत बदलली. येथेही काढून टाकणारा सख्खा भाऊ होता, शत्रू नव्हता.

आता आमच्या परिसराकडे. डोळखांबपासून देहेण्यापर्यंत, आजोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि बौद्ध कुटुंबांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. भातसा आणि तानसाचे पाणी येथून मुंबईला जाते आणि त्याच वाटेने भातकापणी उरकली की माणसेही कामाच्या शोधात बाहेर पडतात. वीटभट्टीचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र एकाच वेळी चालते. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेले मूल परत येईल की नाही, ही धाकधूक येथल्या प्रत्येक वसतिगृहाला दरवर्षी असते. त्यात कोणी नापास होते, कोणी रात्री पळून जाते, कोणी भांडणात हात उगारते आणि मग शिक्षकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणते, की या मुलाला दाखला देऊन मोकळे व्हावे.

मोकळे कोण होते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील सोळाव्या कलमाने आठवीपर्यंतच्या कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांबाबत राज्यांना मुभा दिली. पण काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. कायदा झाला हे चांगलेच झाले. परंतु नववी-दहावीच्या मुलाला या कलमाचा आधार नाही, आणि जे मूल स्वतःहून येईनासे होते त्याला कोणतेही कलम परत आणीत नाही. त्याला आणावयास कोणीतरी पाड्यावर जावे लागते. भट्टीवर गेलेल्या आईबापांना भेटून, मुलाला हंगामभर येथेच ठेवा, त्याची काळजी आम्ही घेतो, असे सांगावे लागते. नापास झालेल्याला एकट्याला बसवून भागाकार पुन्हा शिकवावा लागतो. हात उगारणाऱ्याला शिक्षेआधी त्याच्या घरी काय घडले हे विचारावे लागते. आमच्या सहकाऱ्यांपैकी अनेकजण हे करीत आले आहेत. त्यांना त्यासाठी वेगळा पगार नाही आणि त्याची नोंद कोणत्याही पत्रकात होत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. या स्मरणिकेसाठी आपण जाहिराती दिल्या, देणग्या दिल्या, त्याबद्दल विद्यालय ऋणी आहेच. त्याहून मोठे दान म्हणजे आपल्या वाडीतले, आपल्या नात्यातले एक मूल. दिवाळीनंतर ते शाळेत परतले की नाही, एवढे आपण पाहावे. परतले नसेल तर आम्हांस कळवावे, किंवा त्याला घेऊनच यावे. भाऊरावांनी इस्लामपूरच्या त्या एका मुलाला वर्गाच्या बाहेरून उठवून बरोबर नेले, तेव्हा त्यांच्यापाशी संस्था नव्हती, इमारत नव्हती, अनुदान नव्हते. बोर्डिंगातून बाहेर पडण्याचा अनुभव मात्र होता.

आमच्या तांबड्या रेघेचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो मुलगा आम्हांस पुन्हा भेटला नाही. त्यानंतर मात्र कोणत्याही मुलाचे नाव कमी करण्याची वेळ आली, की आधी त्याच्या दाराशी जाऊन यायचे, हा नेम आम्ही आजवर मोडलेला नाही. काही वेळा मूल परत आले, काही वेळा आले नाही. परंतु कुंपणाशी उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाठ फिरवून आम्ही पुन्हा वर्गात गेलो नाही.

कर्मवीरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!